एकाच गाठीचं जाळीकाम

‘जाळी’ म्हटलं की काय आठवेल, हे नाशिकमध्ये तुम्ही कोणाला विचारता त्यावर ठरतं. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला पाखरांपासून द्राक्षं वाचवणारी नायलॉनची जाळी आठवेल. सत्तरीच्या आजींना अंबाड्यावर बसवायची काळी जाळी. नुकतंच लग्न ठरलेल्या मुलीच्या आईला रुखवतात मांडायचा क्रोशाचा रुमाल. मेन रोडवरच्या कापडवाल्याला ‘नेट’ची साडी, आणि गोदावरीत मासे धरणाऱ्या भोई-कोळ्यांना अर्थातच त्यांचं जाळं. दिसायला सगळं भोकाभोकांचं. बनवायची रीत मात्र प्रत्येकाची निराळी आहे, आणि त्यातली एक रीत आपल्याकडे जवळजवळ कुणालाच माहीत नाही. मासेमारीच्या जाळ्याची गाठ बारीक सुती दोऱ्यात मारायची आणि त्यातून रुमाल, झालर, पडदे करायचे, ती ही रीत. हा लेख तिच्याबद्दल आहे.

आधी कोणती जाळी कशात मोडते ते बघू, नाहीतर पुढे घोटाळा होतो.

क्रोशा आणि सुयांवरचं विणकाम यात गाठ नसते. दोऱ्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढलेला असतो, तो तिसऱ्यातून. म्हणून शेवटचं टोक सुटलं की स्वेटर उसवत जातो, क्रोशाचंही तसंच. ‘नेट’चं कापड यंत्रावर होतं. इंग्लंडच्या जॉन हीथकोटनं १८०८-०९ मध्ये अशी जाळी विणणाऱ्या यंत्राची पेटंटं घेतली. त्या जाळीत धागे एकमेकांना पीळ घालून पुढे सरकतात, गाठ तिथेही नाही. लखनौच्या चिकनकामात ‘जाली’ असते, ती तर विणलेलीच नसते. तयार मलमलीचे धागे सुईनं बाजूला सारून टाक्यांनी तसेच आवळून धरलेले असतात. मॅक्रमेमध्ये गाठी भरपूर, पण तिथे डझनावारी दोऱ्या एकाच वेळी लोंबत असतात.

हाताच्या जाळीत दोरा एकच असतो, तो सुईवर गुंडाळलेला, आणि प्रत्येक घराच्या कोपऱ्यावर एक पक्की गाठ. घर म्हणजे जाळीचं भोक. मच्छीमार त्याला आस म्हणतात, मी इथे घर म्हणते. एक घर कात्रीनं कापलं तरी शेजारची घरं जागची हलत नाहीत. मोठा मासा एका ठिकाणी जाळं फाडून गेला तर बाकीचं जाळं शाबूत राहायला हवं, या गरजेतून ही रीत आली. नक्षीकामाला तिचा फायदा वेगळा झाला: जाळी धुवा, ताणा, मधूनच कापून टाका, घरांचा आकार ठरलेला राहतो.

आता ती गाठ.

एक धागा मधोमध दुमडा. दुसरा धागा त्या दुमडीतून खालून वर आणा, दुमडीच्या दोन्ही पायांना मागून वेढा द्या आणि पुढे आणून त्याच्या स्वतःच्याच खाली अडकवा. ओढा. झाली गाठ. ताण जितका जास्त, तितके धागे एकमेकांना जास्त दाबून धरतात. गाठ चपटी आणि लहान बसते. मागावर धागा तुटला की विणकर दोन टोकं सांधायला जी गाठ मारतात, तीही हीच. इंग्रजीत तर तिला विणकराची गाठ असंच म्हणतात. येवल्याचा पैठणीचा माग आणि नदीतलं जाळं यांचा एरवी काही संबंध नाही, पण दोघांनाही असं काहीतरी हवं होतं जे पटकन मारता येईल, फुगणार नाही आणि सुटणार नाही.

ही गाठ किती जुनी असेल याचा अंदाज जाळ्यांच्या वयावरून येतो. १९१३ मध्ये तेव्हाच्या फिनलंडमधल्या आणि आता रशियात असलेल्या अँट्रिया गावाजवळ एका शेतकऱ्याला चिखलात जाळ्याचे अवशेष सापडले. विलो झाडाच्या सालीच्या दोरीचं जाळं, घरं साधारण ६ सेंटिमीटरची, सोबत सालीचे तरंगे आणि दगडाची वजनं. वय दहा हजार वर्षांहून जास्त. म्हणजे शेती युरोपच्या त्या टोकाला पोचायच्या कितीतरी आधी तिथली माणसं गाठीगाठीनं जाळी विणत होती.

जाळ्याचं लेसमध्ये रूपांतर मध्ययुगात युरोपात झालं. बारीक लिननच्या दोऱ्याची चौकोनी जाळी विणायची आणि तिची काही घरं सुईदोऱ्यानं भरून चित्र उठवायचं. लॅटिनमध्ये याला कोळ्याचं काम अशा अर्थाचं नाव होतं. हा कोळी म्हणजे आठ पायांचा. फ्रेंच लोक ‘लासी’ म्हणायचे, पुढे ‘फिले’ हे नाव रूढ झालं. १५८७ मध्ये फेडेरिको विंचिओलो नावाच्या व्हेनिसच्या नक्षीकारानं पॅरिसमध्ये नमुन्यांचा संग्रह छापला आणि तो इतका चालला की पुन्हापुन्हा छापावा लागला. फ्रान्सची राणी कॅथरीन द मेडिची या कामाची मोठी शौकीन होती. १५८९ मध्ये ती वारल्यावर केलेल्या मालमत्तेच्या यादीत जाळीकामाच्या चौकोनांच्या पेट्या निघाल्या, एकीत ३८१ आणि दुसरीत ५३८. जोडायचे राहून गेलेले. राणीच्याही घरी अर्धवट हातकामाची पेटी असते हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

साधनं दोनच: सुई आणि पट्टी.

जाळ्याची सुई शिवणाच्या सुईसारखी नसते. दोन प्रकार आहेत. मच्छीमारांची सुई चपटी, एका टोकाला निमुळती, मध्ये कोरलेली जीभ आणि मागे खाच. दोरा जिभेला अडकवून मागच्या खाचेतून पलटवत दोन्ही बाजूंनी भरायचा. नाजूक कामाची सुई पोलादी असते, दोन्ही टोकांना चिमट्यासारखी उघडी, आणि दोरा त्या दोन टोकांमध्ये लांबीच्या दिशेनं गुंडाळतात. कोणतीही वापरा, नियम एकच: दोरा भरलेली सुई घरातून सहज गेली पाहिजे. हौसेनं सुई गच्च भरली की दोन ओळींनंतर ती अडकायला लागते. मग माणूस दोऱ्याला दोष देतो.

पट्टी घराचं माप ठरवते. दोरा पट्टीला वेढा घालून वर येतो, म्हणून घराची एक बाजू पट्टीच्या घेराच्या निम्मी होते. ३ मिलिमीटर जाडीची विणकामाची सुई पट्टी म्हणून वापरली, तर घेर साधारण साडेनऊ मिलिमीटर आणि घराची बाजू पावणेपाच मिलिमीटर. आइसक्रीमची लाकडी काडी साधारण १ सेंटिमीटर रुंद असते, तिच्यावर घराची बाजू सेंटिमीटरभर येते. शिकायला काडीच घ्यावी. घरं मोठी असतात, गाठ कुठे बसतेय ते दिसतं.

पोलादी सुई आपल्याकडे सहज मिळत नाही आणि सुरुवातीला तिची गरजही नाही. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात प्लॅस्टिकची लहान सुई मिळते. बुरुडाकडून बांबूची पातळ कामटी आणून, दोन्ही टोकांना खाच पाडून, पॉलिश कागदानं घासून घेतली तरी उत्तम सुई होते. दोरा मात्र सुती हवा, क्रोशाचा, घट्ट पिळाचा. रेशीम आणि नायलॉन गुळगुळीत असल्यानं गाठ सैल असताना घसरते. एकपदरी नायलॉनच्या जाळ्यात मच्छीमार या गाठीला एक वेढा जास्त देतात तो त्याचमुळे.

आता हात कसा चालतो ते सांगते. वाचताना किचकट वाटेल, दोरा हातात घेऊन वाचलं तर वाटणार नाही.

खिडकीच्या गजाला सुतळीचा एक फास बांधा आणि सुईतल्या दोऱ्याचं टोक त्याला गाठ मारून अडकवा. पट्टी डाव्या हातात, आडवी, आंगठा आणि तर्जनीच्या मध्ये, फासाच्या लगेच खाली. सुईतला दोरा पट्टीच्या पुढून खाली न्या, मागून वर आणा आणि सुई फासातून मागून पुढे काढा. दोरा खाली ओढा, म्हणजे फास उतरून पट्टीच्या वरच्या कडेला टेकेल. टेकला की ती जागा डाव्या आंगठ्यानं दाबून धरा. गाठ आवळेपर्यंत हा आंगठा हलवायचा नाही. जाळीकामातली निम्मी विद्या या आंगठ्यात आहे.

मग दोरा सैल सोडून डावीकडे वर फेका, आंगठ्याच्या वरच्या बाजूला एक मोकळा वळसा पडेल असा. सुई उजवीकडून फासाच्या दोन्ही पायांच्या मागून न्या आणि डावीकडे त्या वळशातून बाहेर काढा. सावकाश ओढा. वळसा लहान होत होत आंगठ्याच्या अगदी वर, फासाच्या पायांभोवती बसला पाहिजे. बसला की आंगठा उचला. एक घर झालं. पुढचं घर त्याच्या उजवीकडे. ओळ संपली की पट्टी काढून घ्यायची, काम उलटं करायचं आणि पुन्हा डावीकडून उजवीकडे निघायचं. आता मागच्या ओळीचं प्रत्येक घर हा नवा फास.

गाठ चुकते ती एकाच प्रकारे. ओढताना वळसा आंगठ्याच्या खाली घसरतो आणि दोरा फासाला न पकडता स्वतःलाच पकडतो. अशी गाठ वरून अगदी खऱ्यासारखी दिसते. ओळखायचं असेल तर घराचे दोन पाय दोन हातांत धरून बाजूला ताणा. गाठ फासावरून सरकली तर ती चुकलेली. ती तिथेच सोडवून पुन्हा मारावी. पुढच्या ओळीत गेल्यावर सोडवायला गेलात तर टाचणी, भिंग आणि संयम तिन्ही लागतात.

सरळ ओळीनं विणत गेलं की घरं पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची, म्हणजे टोकावर उभी राहिलेली पडतात. लांबीत ताणली की मिटतात, रुंदीत ताणली की उघडतात. पिशवीला, केसांच्या जाळीला हे चालतं, उलट हवंच असतं. पण चित्र भरायचं तर घरं चौरस आणि कडेला समांतर पाहिजेत. इथे जाळीवाल्यांनी एक सुंदर युक्ती केली: चौकोन कोपऱ्यापासून विणायचा.

सुरुवातीच्या फासात दोन घरं घ्या. काम उलटा. पुढच्या ओळीत पहिल्या घरात एक गाठ, आणि शेवटच्या घरात एकाऐवजी दोन. म्हणजे ओळ एका घरानं वाढली. प्रत्येक ओळीच्या शेवटी असंच करत राहा. जाळी कोपऱ्यापासून पसरत जाते, आणि विणताना तिरकी दिसणारी घरं जाळी वळवून धरली की सरळ चौरस दिसतात. २० घरांचा चौकोन हवा असेल तर ओळीत २१ घरं होईपर्यंत वाढवायचं. त्यानंतर एक ओळ न वाढवता. मग प्रत्येक ओळीच्या शेवटी शेवटची दोन घरं एका गाठीत घेऊन घटवत यायचं, समोरचा कोपरा येईपर्यंत. एवढ्या चौकोनात चारशेच्या वर गाठी होतात. हात बसला की एक गाठ मारायला काही सेकंद पुरतात, त्यामुळे हा आकडा वाटतो तितका भीतिदायक नाही.

लांबट जाळी हवी, समजा टेबलावरच्या रनरसाठी, तर रुंदीपुरतं वाढवून झाल्यावर एका कडेला वाढवायचं आणि दुसऱ्या कडेला घटवायचं, आलटून पालटून. ओळीतली घरं कायम राहतात आणि जाळी तिरकी लांब होत जाते. कुठली कड वाढवायची हे हमखास विसरतं. म्हणून त्या कडेला सुरुवातीलाच रंगीत दोरा बांधून ठेवा.

गाठ आणि पट्टी इतकंच हातात असताना नक्षी येते कुठून? तीन गोष्टींतून: पट्टीचं माप बदललं, घरं घ्यायचा क्रम बदलला, किंवा एका घरात मारायच्या गाठींची संख्या बदलली. पारंपरिक नक्षीचे बहुतेक प्रकार या तिघांच्या जुळवाजुळवीतून निघाले आहेत. त्यांना मराठीत रूढ नावं नाहीत, मी सोयीची वापरते.

सगळ्यात सोपं लांब घर. गाठ मारण्याआधी दोरा पट्टीला एकऐवजी दोन वेढे द्यायचा. पट्टी काढली की ते घर दुप्पट उंच. एका ओळीत एक आखूड, एक लांब असं घेतलं की जाळीला लय येते. लांब घरांच्या ओळीतून पुढे रिबन ओवता येते, बाळाच्या टोपडं-झबल्याच्या कडेला हे फार छान दिसतं.

पोळ्याची जाळी हा क्रम बदलण्याचा खेळ. घरं सम संख्येत घ्या. एक ओळ साधी. पुढच्या ओळीत आधी दुसऱ्या घरात गाठ, मग मागे येऊन पहिल्यात, मग चौथ्यात, मग तिसऱ्यात. जोडीतली घरं एकमेकांना ओलांडतात आणि भोकाला सहा बाजू दिसू लागतात. पुन्हा एक साधी ओळ, आणि नंतरच्या आडव्यातिडव्या ओळीत सुरुवातीला एक घर साधं घेऊन जोड्या एकानं सरकवायच्या. जुन्या पुस्तकांत या जाळीचं फार कौतुक आहे. माझं मत विचाराल तर बारीक पांढऱ्या दोऱ्यात ती दिसतच नाही. जाड दोरा आणि गडद रंग घ्यावा.

गुलाबजाळीला दोन पट्ट्या लागतात, एक दुसरीच्या साधारण दुप्पट. रुंद पट्टीवर एक साधी ओळ. मग अरुंद पट्टी घेऊन, पहिल्या घराच्या पोटातून दुसरं घर बाहेर ओढायचं आणि त्यात गाठ मारायची. मग दुसऱ्यातून पहिलं ओढून घेऊन त्यात. दोन लांब घरं एकमेकांभोवती पीळ खाऊन बसतात आणि मध्ये पाकळ्यांसारखी गुंतवळ तयार होते. पुढे पुन्हा रुंद पट्टीची साधी ओळ. ओढताना हात सैल हवा, आणि या प्रकारात मोजणी चुकली तर लगेच कळतं कारण शेवटी एक घर एकटंच उरतं.

शिंपला कडेसाठी. तयार जाळीच्या काठावर रुंद पट्टी घेऊन एकाच घरात सात-आठ गाठी मारायच्या, मग काही घरं सोडून पुन्हा तसंच. त्या झुबक्यावर अरुंद पट्टीनं दोन-तीन ओळी साध्या, प्रत्येक ओळीत झुबक्यांमधला दुवा वगळत. झुबका पंख्यासारखा उघडतो. गोल रुमालही याच तत्त्वावर: मध्ये एक कडी, तिच्यात रुंद पट्टीवर बरीच घरं, मग अरुंद पट्टीवर फेऱ्या, घेर कमी पडायला लागला की एका घरात दोन गाठी. गोल जाळी सुरुवातीला वाटीसारखी उभी राहिली तर वाढ कमी पडतेय, झालरीसारखी लाटा मारू लागली तर जास्त होतेय.

हे झालं विणतानाचं. खरी चित्रं उठतात ती नंतर, ताणलेल्या चौरस जाळीवर सुईनं भरून.

तारेची चौकट करून तिला कापडी फीत गुंडाळायची आणि जाळी चारही बाजूंनी दोऱ्यानं शिवून तिच्यात ताणायची. वीणेच्या तारेसारखी ताठ झाली पाहिजे. मग बोथट टोकाच्या सुईनं तीन टाके. कापडी टाक्यात घरातून दोन धागे उभे, दोन आडवे असे एकाखालून एकावरून विणतात. भरलेली घरं खरंच सुती कापडाच्या तुकड्यासारखी दिसतात. रफूचा टाका एकाच दिशेनं मागेपुढे दाट भरतो, पानं आणि पाकळ्या उठवायला. कडीचा टाका सगळ्यात हलका: घराच्या चारही बाजूंना एकेक सैल वळसा, म्हणजे मध्ये गोल पडतो. घट्ट भरलेलं चित्र, हलकी पार्श्वभूमी आणि मधली मोकळी घरं, या तीन वजनांतून पाचशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी मोर, किल्ले, देवदूत, अक्षरं सगळं काढलं.

चित्राचा आराखडा चौकटीच्या कागदावर करतात, एक चौकट म्हणजे एक घर. ज्यांनी ठिपक्यांची रांगोळी मोजून काढली आहे त्यांना हे शिकवावं लागत नाही. पैठणीच्या काठावरची नक्षीही धागे मोजूनच पडते, म्हणून बांगडी मोर किंवा मुनिया या जाळीवर उतरवायला सोपे जातात. गोल आणि वळणदार आकृती टाळाव्यात, कडा पायऱ्यापायऱ्यांच्या होतात आणि घरं लहान नसतील तर ते खटकतं.

एक कौशल्याचा मुद्दा. कापडी टाक्यात सुरुवात आणि शेवट अशा घरी आणावा लागतो की दोरा न तोडता पुढच्या घरात जाता येईल. पहिल्या फेरीत उभे धागे नुसते टाकायचे, परतीच्या फेरीत आडवे विणत यायचं. रस्ता आधी कागदावर पेन्सिलनं आखला तर काम मागूनही पुढच्याइतकंच स्वच्छ होतं. जाणकार माणूस रुमाल हातात आला की आधी उलटा करून बघतो.

आपल्याकडे हे काम रुजलं नाही आणि क्रोशा घरोघरी गेला, याचं कारण मला सरळ दिसतं. क्रोशाला एक हूक पुरतो, चूक झाली तर ओढून उसवता येते, आणि बस-गाडीत बसूनही होतं. जाळीला फास अडकवायला काहीतरी स्थिर लागतं, आणि मारलेली गाठ सहजासहजी सुटत नाही. शिवाय क्रोशात चौकोनी घरांचा एक प्रकार आहे, काही रिकामी काही भरलेली, जो मुळात या जाळीचीच नक्कल आहे. रुखवतातले निम्मे रुमाल त्यातलेच असतात. ओळखायचं कसं? घराचा कोपरा बघा. लहानशी चपटी गाठ दिसली तर जाळी, खांबांची वेणी दिसली तर क्रोशा. नक्कल आहे म्हणून ती हलकी ठरत नाही, पण चार वेळा धुतल्यावर क्रोशाचा चौकोन तिरका होतो आणि जाळीचा होत नाही, एवढा फरक आहे.

जिथे हे काम टिकलं ती गावं बहुधा पाण्याकाठची आहेत. इटलीच्या सार्डिनिया बेटावर बोसा नावाचं मासेमारांचं गाव आहे, तिथल्या बायका अजून दारात बसून ताणलेल्या जाळीवर भरतात. ब्राझीलच्या अलागोआस राज्यात मुंदाऊ आणि मांगुआबा या तळ्यांच्या परिसरात तर पांढरा रंग सोडून भडक रंगीत दोऱ्यांत हेच काम चालतं. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कोळणींच्या हातात जाळ्याची सुई आधीपासून होती, दोरा बारीक करायचा तेवढा बाकी होता.

अंबाड्याच्या जाळीची कथा मात्र वेगळी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या शांडोंग प्रांतात हजारो बायका माणसाच्या केसांनी, एकेका केसाला ही गाठ मारत, डोक्याच्या जाळ्या विणत आणि त्या युरोप-अमेरिकेला जात. १९२० च्या दशकात तिकडच्या बायकांनी केस आखूड कापले आणि धंद्याला ओहोटी लागली. आज आपल्या बाजारात मिळते ती जाळी यंत्रावरची.

गाठ मारणारं यंत्र बनवणं सोपं नव्हतं. ज्याच्या नावाचा जकार्ड येवल्यात आणि इतरत्र मागांवर चढलेला दिसतो, त्या फ्रान्सच्या जोसेफ मारी जकार्डनं नक्षीच्या मागाआधी मासेमारीचं जाळं विणायच्या यंत्रावर डोकं चालवलं होतं आणि १८०४ च्या सुमारास त्याच्याच जोरावर त्याला पॅरिसहून बोलावणं आलं. आजची नायलॉनची जाळी यंत्रावर होते, काहींत गाठ असते, काहींत धागे एकमेकांत वळवलेले असतात.

तयार जाळी धुताना चोळू नये. कोमट पाण्यात साबणाचा फेस करून दाबून काढावी, पिळू नये. तांदळाची पातळ खळ लावून, जाड कापडावर टाचण्यांनी चौरस ताणून सावलीत वाळवावी. इस्त्री केली तर उलट्या बाजूनं आणि वर पातळ कापड ठेवून, नाहीतर भरलेले टाके चपटे होतात.

आणि फाटली तर? इथे मासेमारांचा नियम जसाच्या तसा लागू पडतो. प्रत्येक पूर्ण गाठीतून चार पाय निघतात. भोकाच्या कडेचे तुटके दोरे कापत न्यायचे, तीन पायांच्या फक्त दोनच गाठी उरतील अशा बेतानं, एक वर आणि एक खाली. बाकी कडेच्या गाठींना दोन-दोन पाय राहतात. वरच्या तीन पायांच्या गाठीत नवा दोरा बांधायचा, त्याच मापाच्या पट्टीवर कडेच्या गाठी घेत घेत ओळीनं खाली यायचं आणि खालच्या तीन पायांच्या गाठीत दोरा संपवायचा. हिशेब बरोबर असेल तर शेवटी एकही पाय मोकळा उरत नाही. उरला तर कापताना कुठेतरी एक गाठ चुकली आहे. भोक आणखी एका घरानं मोठं करून पुन्हा मोजायचं.